शिक्षकांचा डिजिटल पोर्टफोलिओ: पहिल्यांदा बनवताय तर इथून सुरू करा

पोर्टफोलिओ म्हटलं की आपल्याकडे बहुतेक सर-मॅडमना आठवते ती प्लॅस्टिकच्या पाकिटांची जाड फाईल, ज्यात बी.एड.च्या मार्कशीटपासून केंद्रस्तरीय रांगोळी स्पर्धेच्या परीक्षकाच्या प्रमाणपत्रापर्यंत सगळं असतं आणि जी पुरस्काराचा प्रस्ताव भरायची वेळ आली की कपाटातून बाहेर निघते. मग त्याच फाईलचे मोबाईलने फोटो काढायचे, ड्राईव्हवर टाकायचे, आणि झाला डिजिटल पोर्टफोलिओ. नाही हो, तसा नाही होत. ती कागदपत्रांची सॉफ्ट कॉपी झाली, तिचाही उपयोग आहेच, पण त्यातून तुम्ही वर्गात काय करता हे कोणालाच कळत नाही, तुम्हाला स्वतःलाही नाही.

पोर्टफोलिओत मुळात चारच गोष्टी लागतात. वर्गात काय अडलं, तुम्ही काय केलं, पोरांना काय जमायला लागलं, आणि आता पुढे काय करणार. याला पुरावा म्हणून एखादा फोटो, वहीचं पान, ऑडिओ. बाकी सगळा मसाला.

आता हे करायचं कशाला, आधीच ऑनलाईन माहिती भरण्यात निम्मा दिवस जातो, हे मला मान्य आहे. पण बघा, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, दीक्षा या सरकारी ऑनलाईन पोर्टलवर निष्ठा या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाचे कोर्स आपण करतोच, 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवडश्रेणीचं प्रशिक्षण ठरलेलं. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी तर 2018 पासून शिक्षक स्वतःच ऑनलाईन अर्ज करतात आणि त्या अर्जासोबत पोर्टफोलिओच जोडायचा असतो, म्हणजे कागदपत्रं, उपक्रमांचे अहवाल, फोटो, व्हिडिओ वगैरे. एससीईआरटीच्या (राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) नवोपक्रम स्पर्धेचा अहवाल असो नाहीतर डायटचं (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था) कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर केलेला अभ्यास, सगळीकडे शेवटी हेच विचारतात की गरज काय होती, केलं काय, फरक काय पडला. नव्याने लागणाऱ्यांसाठी सांगायचं तर पवित्र या राज्याच्या शिक्षक भरती पोर्टलवरून मुलाखतीसह भरती करणाऱ्या संस्था असतात, तिथे मुलाखतीला बसल्यावर "काय काय उपक्रम केले" या प्रश्नाला तोंडी उत्तर देण्यापेक्षा लिंक उघडून दाखवणं कधीही बरं.

पण पुरस्कार आणि मुलाखत हा वरचा फायदा. खरा उपयोग पुढच्या वर्षी होतो, जेव्हा तोच घटक परत येतो आणि मागच्या वर्षी आपण नेमकं काय केलं होतं ते आठवत नाही. टाचण वहीत (रोजच्या पाठाच्या नियोजनाची वही) फक्त "घटक पूर्ण" एवढंच असतं.

आधी खातं ठरवा

स्वतःचं जीमेल खातं वापरा, शाळेचं नको. शाळेच्या खात्याचा पासवर्ड मुख्याध्यापक, ऑपरेटर आणि आणखी दोघातिघांकडे असतो, आणि उद्या बदली झाली की तुमचं सगळं काम तिथेच राहतं. मोबाईल घेताना दुकानदाराने कसलंतरी नाव टाकून उघडून दिलेलं खातंही नको, कारण तो पत्ता तुम्ही इतरांना देणार आहात. आपलं नाव असलेलं साधं खातं उघडा, रिकव्हरीला स्वतःचा नंबर टाका, टू-स्टेप (पासवर्डशिवाय फोनवरही खात्री करून घेणारी सोय) चालू करा.

फुकटात 15 जीबी जागा मिळते, ती जीमेल, ड्राईव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. जून 2021 पासून गुगल फोटोजमधले फोटोही त्यातच मोजतात, त्यामुळे ह्या खात्यावर फोटोंचा ऑटो बॅकअप बंद ठेवा, नाहीतर मामेभावाच्या हळदीचे व्हिडिओ सगळी जागा खाऊन टाकतील. आणि हो, दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर गुगल ते डिलीट करू शकतं, म्हणून वेगळं खातं केलं तर अधूनमधून उघडत जा.

फोल्डर कमी ठेवा

इथे लोक उत्साहात वीस-पंचवीस फोल्डर करतात, विषयवार, महिनावार, उपक्रमवार, आणि पंधरा दिवसांनी कोणती फाईल कुठे टाकायची हेच कळत नाही. ड्राईव्हवर एक मोठा फोल्डर करा आणि त्यात एवढेच:

- माझ्याबद्दल (एक पानी परिचय, फोटो, शैक्षणिक पात्रता)
- वर्गातलं काम
- माझं शिकणं (प्रशिक्षणं, कोर्स, शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत मांडलेलं, वाचलेलं)
- शाळा आणि गाव (शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे एसएमसी, पालक, लोकसहभाग)
- कच्चा माल

शेवटचा सगळ्यात कामाचा. दिवसभरात जे काही फोटो, वहीची पानं, ऑडिओ जमतं ते आधी कच्च्या मालात टाकायचं, नीटनेटकं करत बसायचं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पंधरा-वीस मिनिटं बसून त्यातलं काय ठेवायचं ते ठरवायचं आणि बाकीचं उडवायचं. हा फोल्डर कधीही कोणाला शेअर करायचा नाही.

फाईलला नाव देताना तारीख पुढे आणि तीही वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. म्हणजे "2025-07-18 तिसरी गणित वजाबाकी आधी". असं केलं की फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. 18-07-2025 असं लिहिलं तर सगळ्या महिन्यांतल्या 18 तारखा एका रांगेत येऊन बसतात आणि गोंधळ होतो. कंटाळवाणं काम आहे खरं, पण मार्च महिन्यात शोधाशोध करायची वेळ आली की कळेल.

फोटोंच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी सांगून टाकतो. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो बारीक झालेला असतो, वहीतली अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून सहकाऱ्याकडून फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. वही किंवा प्रमाणपत्र असेल तर साधा फोटो काढू नका, ड्राईव्हच्या अॅपमध्ये अधिकचं चिन्ह दाबलं की स्कॅन येतं, ते वापरा, कडा कापून सरळ पीडीएफ होते. दीक्षाची प्रमाणपत्रं तर मुळातच पीडीएफ असतात, ती प्रिंट काढून परत स्कॅन करण्याचा उद्योग काय कामाचा. आणि जुने अहवाल कृतीदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेले असतील तर युनिकोडमध्ये (कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर दिसणारं मराठी) बदलून घ्या, तुमच्या कॉम्प्युटरवर छान दिसणारं ते मराठी दुसऱ्याच्या मोबाईलवर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतं.

एक नोंद लिहायची कशी

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं यूट्यूबवर मिळेल.

आपल्या अहवालांची भाषा ठरलेली असते. "विद्यार्थी उत्साहाने सहभागी झाले. उपक्रम यशस्वीरीत्या पार पडला. विद्यार्थ्यांमध्ये आवड निर्माण झाली." वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ ग्रुपवर फिरतात त्यातलीच ही वाक्यं. यातून वाचणाऱ्याला शून्य कळतं. त्याऐवजी हे बघा, तिसरीच्या गणिताची एक नमुना नोंद:

"तिसरी, गणित, हातच्याची वजाबाकी.
काय दिसलं: 52 वजा 17 चं उत्तर बऱ्याच जणांनी 45 लिहिलं. 2 मधून 7 जात नाहीत म्हणून उलटं करून 7 मधून 2 काढले. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच डोक्यात बसलंय.
काय केलं: फळ्यावरची उदाहरणं थांबवली. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले, रबर लावून. 5 गठ्ठे आणि 2 सुट्या काड्या मुलांपुढे ठेवल्या आणि सतरा काड्या मागितल्या. सुट्या सात नाहीत, मग काय करणार? एका मुलीने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. सुट्या झाल्या 12, त्यातल्या 7 दिल्या, उरल्या 5. गठ्ठे उरले होते 4, त्यातला 1 दिला, उरले 3. उत्तर 35.
काय झालं: काड्या हातात असताना बहुतेकांना जमतंय. वहीत लिहायला सांगितलं की काहींचं परत 45.
आता काय: काड्या आणि वही एकाच वेळी. गठ्ठ्याचं रबर काढलं की त्याच क्षणी वहीत 5 खोडून 4 लिहायचे."

सोबत तीन फोटो: 45 उत्तर असलेलं वहीचं पान, गठ्ठे सोडणारे हात, आणि दोन आठवड्यांनी त्याच मुलाच्या वहीचं पान. बस्स. याच्यापुढे रंगीत बॉर्डर, फुलं, हलणारे जीआयएफ काही लागत नाही.

यात "काहींचं परत 45" ही ओळ आहे ना, ती काढून टाकायचा मोह होणार, कारण आपल्याला सगळं शंभर टक्के यशस्वी दाखवायची सवय लागलेली आहे. ती ठेवा. ज्याला शिकवणं कळतं तो वाचणारा नेमका तिथे थांबतो, कारण खऱ्या वर्गात असंच होतं, आणि पुढची "आता काय" ही ओळ त्याच्यातूनच निघालीय.

लिहायचा कंटाळा असेल तर बोला. जीबोर्डमध्ये (गुगलचा मोबाईल कीबोर्ड) मराठी चालू करून माईक दाबला की बऱ्यापैकी बरोबर टाईप होतं, जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नंतर दुरुस्त करायची. शाळा सुटल्या सुटल्या दोन मिनिटं बोलून ठेवलं तर बारकावे राहतात, रविवारी लिहायला बसलं तर "उत्साहाने सहभागी झाले"च आठवतं.

भाषेसाठी ऑडिओ वापरा असं मी सगळ्यांना सांगतो. पहिली-दुसरीच्या मुलाचं वाचन जूनमध्ये रेकॉर्ड करा, मग दिवाळीनंतर आणि मग मार्चमध्ये, मजकूर तेवढाच सोपा-अवघड ठेवून. अक्षर अक्षर जोडत वाचणारं मूल नंतर वाक्याला चाल लावून वाचतं, हे ऐकणाऱ्याला कसल्याच तक्त्याशिवाय कळतं. निपुण भारतच्या (लहान मुलांना वाचन-लेखन आणि साधं गणित यावं यासाठीचं सरकारी अभियान) कामात तर हा पुरावा फार बोलका आहे. शिवाय चेहरा दिसत नाही, म्हणजे निम्मी डोकेदुखी कमी. फक्त रेकॉर्डिंगमध्ये मुलाला नावाने हाक मारू नका.

किती नोंदी कराव्यात? महिन्याला एखादी चांगली झाली तरी वर्षाकाठी आठ-दहा होतात आणि तेवढ्या भरपूर आहेत. रोजचा परिपाठ, प्रत्येक जयंती, वृक्षारोपण, हे सगळं टाकलं तर त्या गर्दीत वजाबाकीची नोंद हरवून जाते. जयंती साजरी सगळेच करतात, त्यातून तुमचं वेगळं काय दिसणार? एखाद्या जयंतीला मुलांनी स्वतः गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या असतील तर जरूर टाका, हार घातलेल्या फोटोचा फोटो मात्र नको.

मुलांचे फोटो, इथे हयगय नको

माझं याबाबत मत जरा कडक आहे. आपण शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकून टाकून निर्ढावलोय, पण पोर्टफोलिओची लिंक कुठेही जाऊ शकते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. तेव्हा वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेतच एक साधा संमती कागद मराठीत काढा, कशासाठी फोटो वापरणार ते सोप्या भाषेत वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या, आणि जो पालक नाही म्हणेल त्याचं ऐका. मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या, नंतर कटकट नको.

संमती असली तरी चेहरा लागतोच असं नाही. हात, वही, पाठमोरी मुलं, जमिनीवर मांडलेल्या काड्या, यात शिकणं जास्त दिसतं. नाव, आधार क्रमांक, सरलचा (राज्याची विद्यार्थी नोंदीची ऑनलाईन प्रणाली) आयडी, जनरल रजिस्टरचं पान (त्यात जात, जन्मतारीख सगळं असतं) हे कधीच नाही. हजेरीपत्रक मागे टेबलावर उघडं पडलेलं असतं आणि फोटोत येतं, ते एकदा झूम करून बघून घ्या.

आणि अजून एक. "अप्रगत विद्यार्थी" असं लिहून त्याखाली मुलाचा फोटो, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. वाडीवरच्या शाळेत पट, म्हणजे एकूण मुलं, पंधरा-वीसचा असतो, नाव झाकलं तरी कोण ते अख्ख्या गावाला कळतं. त्या पोराने पाच वर्षांनी ते पान उघडलं तर त्याला काय वाटेल याचा विचार करून लिहा.

आता साइट बनवूया

दोन-तीन महिन्यांत चार-पाच नोंदी जमल्या की मगच इकडे या, आधी नाही. आधी साइट बनवणारे लोक रंग आणि फॉन्ट निवडण्यातच दमतात.

नवीन माणसाला गुगल साइट्स सगळ्यात सोपं, फुकट आहे आणि ड्राईव्हला जोडलेलंच आहे. कॅनव्हाही छान आहे, शिक्षकांसाठी त्यांचं मोफत खातंही मिळतं, पण तिथे सजावटीतच वेळ जातो हा माझा अनुभव. गुगल साइट्स एडिट करायला कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप घ्या, मोबाईलवर ते काम नीट होत नाही. शाळेत डिजिटल वर्गाचा कॉम्प्युटर असेल तर तो चालेल, काम झाल्यावर लॉगआऊट मात्र आठवणीने करा.

1. ब्राउझरमध्ये साइट्स डॉट गुगल डॉट कॉम उघडा, रिकामी साइट घ्या, वर नाव टाका. "ज्ञानगंगा", "ज्ञानज्योती" असली नावं हजारो आहेत, सरळ स्वतःचं नाव आणि विषय टाका.
2. उजवीकडे पेजेस आहे तिथून चार पानं करा, ड्राईव्हमधल्या पहिल्या चार फोल्डरच्याच नावाची.
3. परिचय पाच-सहा ओळींचा. कोणत्या वर्गाला शिकवता, कुठल्या भागातली शाळा, मुलांच्या घरची भाषा कोणती, तुम्हाला सध्या कोणत्या प्रश्नावर काम करायचंय. "शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे" वगैरे सुविचार वगळा.
4. नोंदीचा मजकूर पानावर टाईप किंवा पेस्ट करा, पीडीएफ म्हणून चिकटवू नका, मोबाईलवर वाचणाऱ्याला पीडीएफ उघडायचा कंटाळा येतो. फोटो इन्सर्टमधून घ्या.
5. व्हिडिओ असेल तर यूट्यूबवर अनलिस्टेड (शोधून सापडत नाही, लिंक असेल त्यालाच दिसतो) करून टाका आणि इथे जोडा. दोन मिनिटांच्या आतला. अख्खा तास रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कोणी बघत नाही.
6. पब्लिश दाबा. पत्ता विचारेल तिथे मराठी अक्षरं चालत नाहीत, लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधे रेघ एवढंच. छोटा ठेवा, फोनवर सांगता आला पाहिजे.

पब्लिश केल्यावर एक गोष्ट हमखास राहते. साइट सगळ्यांना दिसते पण ड्राईव्हमधून जोडलेल्या फाईलची परवानगी वेगळी असते, म्हणून तुम्हाला सगळं छान दिसतं आणि समोरच्याला "परवानगी मागा" असं येतं. तपासायचं कसं, तर ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडा (तिथे तुमचं खातं उघडलेलं नसतं), त्यात लिंक टाका आणि प्रत्येक पानावर जाऊन बघा. जी फाईल उघडत नाही तिच्या शेअरमध्ये जाऊन "लिंक असलेला कोणीही" आणि पुढे "व्ह्यूअर" करा. एडिटर चुकूनही नको. अख्ख्या मोठ्या फोल्डरला ही परवानगी देऊ नका, कच्चा मालही उघडा पडेल.

क्यूआर कोड हवा असेल, नवोपक्रमाच्या छापील अहवालावर वगैरे, तर मोबाईलच्या क्रोममध्ये शेअरमध्येच क्यूआरचा पर्याय आहे. क्यूआर आपल्याला काही नवा नाही, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर आणले आणि 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, तेव्हापासून तर घराघरात माहीत झालाय. फक्त क्यूआर बनवून देणाऱ्या फुकट्या वेबसाइटवर जपून, काहींचे कोड ट्रायल संपली की बंद पडतात आणि तोवर तुमचा अहवाल छापून झालेला असतो.

पहिला वाचक कोण?

लिंक लगेच जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकू नका. आधी दोन माणसांना पाठवा: एक तुमच्याच इयत्तेला शिकवणारे दुसऱ्या शाळेतले सर किंवा मॅडम, आणि एक शिक्षण क्षेत्राबाहेरचं माणूस. पहिल्याला विचारा की ही नोंद वाचून तुम्हाला तुमच्या वर्गात हे करून बघता येईल का, दुसऱ्याला विचारा कुठे कळलं नाही. "खूप छान सर, अभिनंदन" आलं तर परत विचारा. नंतर केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखादी नोंद मांडा, केंद्रप्रमुखांना विषय हवेच असतात.

दुसऱ्याची वर्कशीट, चित्र किंवा कल्पना वापरली असेल तर त्यांचं नाव लिहा, ग्रुपवर फिरत आलं असेल आणि मूळ कोणाचं ते माहीत नसेल तर तसं लिहा. एआयकडून नोंद लिहून घ्यायची टूम सध्या जोरात आहे, शुद्धलेखन तपासायला ठीक, पण तुमच्या वर्गात 45 कसं आलं ते त्याला कुठून माहीत असणार, ते "उत्साहाने सहभागी झाले" हेच जरा सजवून देतं.

वर्षअखेरीला, म्हणजे निकालपत्रकांचं काम उरकलं की उन्हाळी सुट्टीत, एकदा सगळ्या नोंदी सलग वाचा, कमजोर वाटतील त्या साइटवरून काढा, आणि गुगल टेकआउटमधून (आपल्या खात्यातली माहिती उतरवून घ्यायची गुगलची सोय) सगळ्याची एक कॉपी डाऊनलोड करून पेनड्राईव्ह किंवा हार्डडिस्कवर ठेवा. बदली झाली तर परिचयात शाळा बदला आणि जुन्या शाळेतल्या नोंदींवर शाळेचं नाव, इयत्ता, वर्ष टाकून त्या तशाच राहू द्या. जून उजाडला की नवीन वर्षाचा फोल्डर, आणि त्यात पहिली फाईल मुलांच्या सुरुवातीच्या चाचणीतल्या वहीच्या पानाची, कारण "आधी"चा पुरावा वर्षाच्या पहिल्या दोन आठवड्यांतच मिळतो, नंतर कुठूनही आणता येत नाही.